तहकूब सभेतला अर्धा तास

त्या साली पावसाळ्याचे चारही महिने आमच्या गावावरचं आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख राहिलं. त्याचा फायदा झालेला गावातला एकमेव माणूस मी होतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक सकाळी उठून वर बघायचे आणि सुस्कारा टाकायचे. मी संध्याकाळी वर बघायचो आणि मनातल्या मनात खूश व्हायचो. ढग असते तर मला कॅमेरा बाहेर काढता आला नसता.

कॅमेरा केजच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेला होता. नवरा-नवरींवर चमकून चमकून त्याचा फ्लॅश कायमचा गेला होता. ताऱ्यांना फ्लॅश लागत नाही, असं मी त्या फोटोग्राफरला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. मी हायस्कूलात तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. अंबाजोगाईहून बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा आईनं पदवीच्या कागदाला हळदकुंकू लावलं, त्यामुळं त्यावरच्या माझ्या नावातलं एक अक्षर आजही लाल आहे.

अडचण अशी होती की माझ्या फोटोत तारे येतच नव्हते, रेघा येत होत्या. तारा फिक्कट असतो, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते आणि ताऱ्याची रेघ होते. हे मी मुलांना फळ्यावर शिकवायचो, पण पृथ्वी फिरते याचा मला स्वतःला असा त्रास पहिल्यांदाच होत होता. उपाय केजच्या नेट कॅफेत सापडला. परदेशात लोक घरच्या घरी एक यंत्र बनवतात. दोन फळ्या एका टोकाला बिजागरीनं जोडायच्या. बिजागरीची कांडी ध्रुवाकडं रोखायची. खालच्या फळीतून एक आट्यांचा गज वर न्यायचा आणि तो मिनिटाला एक फेरा या वेगानं फिरवत राहायचा. वरची फळी हळूहळू उघडत जाते, तिच्यावरचा कॅमेरा पृथ्वीच्या उलट दिशेनं वळत राहतो आणि तारा जागच्या जागी थांबतो. दोन फळ्या, एक बिजागरी, एक गज. मला वाटलं, हे तर आपल्याच्यानं होईल.

मी आकृतीचा कागद घेऊन गावातल्या सुताराकडं गेलो. त्यानं तो आडवा धरला, उभा धरला, आणि ही ठवणी आहे असा निकाल दिला. ठवणी म्हणजे पोथी ठेवायची लाकडी घडीची बैठक. मी सांगितलं की हिच्यावर पोथी नाही, कॅमेरा ठेवायचाय. त्यावर त्यानं ठेवणारानं काहीही ठेवावं, ठवणी ती ठवणीच, असं म्हणून बाभळीच्या दोन फळ्या जोडून दिल्या, आणि मी नको म्हणत असताना वरच्या फळीवर 'श्री' कोरला. आठवड्याभरात उन्हानं त्या फळ्या अशा वाकल्या की भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींकडं पाठ करून राहिल्या. त्यांच्यात गज घालणं शक्यच नव्हतं.

मुरलेलं, न वाकणारं लाकूड गावात एकाच ठिकाणी होतं. दूध संस्थेत.

आमच्या गावची सहकारी दूध उत्पादक संस्था म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, पुढं ओटा, आत वजनकाटा, दुधाची फॅट बघायचं यंत्र आणि भिंतीशी उपडे घातलेले कॅन. संस्थेच्या सचिवांना सगळे नुसतं सचिव म्हणायचे, मी काका म्हणायचो. नात्यानं आम्ही कुणी नव्हतो. बारावीच्या वर्षी मी त्यांच्या खोलीत बसून अभ्यास केला होता, कारण गावात लाइट गेली की बॅटरीवर चालणारा दिवा फक्त तिथं होता. ते मला काही विचारायचे नाहीत. सकाळी फॅट बघायचं काम संपलं की माझ्या पुस्तकाखाली सांडलेलं दूध पुसून घ्यायचे, एवढंच.

त्या साली संस्थेत दूधच येत नव्हतं. गावातली जनावरं लांबच्या चारा छावणीत गेली होती आणि तिथलं दूध तिथंच विकलं जायचं. सभासदांतले निम्मे लोक कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले. तरी काका रोज पहाटे उठून शटर वर करायचे आणि काट्यापाशी बसायचे. दोन तास बसून शटर खाली ओढायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, दुधाच्या गाडीनं आपल्या गावाचं नाव एकदा रूटवरनं काढलं की गाडी पुन्हा वळत नसते. गाडीवाल्याला शटर उघडं दिसलं पाहिजे.

मी फळीची अडचण सांगितली तेव्हा त्यांनी कोपऱ्यातला जुना नामफलक ओढून काढला. चांगला चार फूट लांब, सागवानी, संस्था निघाली तेव्हाचा. त्याच्यावरची अक्षरं जरा उडाली होती, म्हणून पत्र्याचा नवा फलक रंगवायला पेंटरला सांगून ठेवलं होतं. काका म्हणाले, "घेऊन जा. पत्र्याचा येणारच हाय."

मी फलक बरोबर मधोमध कापून घेतला. अक्षरं असलेल्या बाजूनं बिजागरी बसवली, त्यामुळं घडी घातली की अक्षरं आत जायची. बिजागरी हलू नये म्हणून मी ती स्क्रूनं आणि वरून दोन ट्यूब मिसळून लावायच्या चिकट गोंदानं पक्की केली. सुतारानं मला न विचारता आणखी चार खिळे मारून ते आतल्या बाजूनं वळवून टाकले. आता काही झालं तरी ती बिजागरी निघणार नव्हती. आट्यांच्या गजासाठी मी मांजरसुंब्याला गेलो, कारण तिथं ट्रकची गॅरेजं आहेत. मेकॅनिकनं विचारलं, कुठल्या गाडीला लावायचाय. मी प्रामाणिकपणे सांगितलं की पृथ्वी फिरते, तिच्या उलट फिरवायचंय. त्यानं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "म्हंजी रिव्हर्सचं काम हाय," आणि नीट सरळ असलेला गज शोधून दिला. गजाला फिरवायला खालून तुपाच्या डब्याचं झाकण बसवलं आणि त्यावर घड्याळासारख्या खुणा केल्या. तिपाई म्हणून घरातली लोखंडी तिवई घेतली. तिच्यावर एरवी पाण्याचा रांजण असायचा, पण रांजणात घालायला पाणी नव्हतं, त्यामुळं आईचा विरोध टिकला नाही.

ध्रुव आमच्याकडं फार वर नसतो. दरवर्षी तो आमच्या गल्लीतून दिसायचाच नाही, कारण उत्तरेला शेजाऱ्यांची कडब्याची गंजी असायची. त्या साली गंजी नव्हती आणि ध्रुव मोकळा होता. पहिल्या दिवशी मी यंत्र लावलं, घड्याळ बघत झाकण फिरवलं आणि फोटो पाहिला, तर ताऱ्यांच्या रेघा पूर्वीपेक्षा दुप्पट लांब. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की मी बिजागरी डाव्याऐवजी उजव्या अंगाला ठेवली होती, त्यामुळं कॅमेरा पृथ्वीच्या उलट वळायच्या ऐवजी तिला साथ देत होता. बाजू बदलली. रेघा आखूड झाल्या, मग स्वल्पविराम झाले. पूर्णविरामाला थोडंच कमी होतं.

आणि नेमकी तेव्हा संस्थेला नोटीस आली.

वर्षभरात दूध संकलन नाही, तेव्हा संस्था अवसायनात का काढू नये, याचा खुलासा करा. अवसायन म्हणजे संस्थेचं तेरावं घालणं. येत्या आठवड्यात सहकार खात्याचे एक साहेब येणार होते. त्यांच्यासमोर सभासदांची सभा घ्यायची, कार्यालय दाखवायचं आणि नियमाप्रमाणे दर्शनी भागात लावलेला संस्थेचा नामफलक दाखवायचा. संस्था नोंदलेल्या जागी आहे, याची ती पहिली खूण.

नवा पत्र्याचा फलक झाला नव्हता. पेंटर ऊसतोडीला गेला होता.

काका माझ्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी यंत्राला तेल देत होतो. ते यंत्राकडं बघत राहिले. मी बोलायच्या आत त्यांनीच फळ्या उघडून बघितल्या. पूर्ण उघडल्या की दोन्ही अर्धे शेजारी येत होते आणि नाव सलग वाचता येत होतं, फक्त मधून बिजागरी जात होती आणि उजवीकडं गजाचं भोक होतं. ते म्हणाले, "वाचता येतंय की." मग म्हणाले, "त्यांनी संस्था मोडली तर मी सकाळी उठून कुठं जाऊ?" हे त्यांनी तक्रारीसारखं नाही, रस्ता विचारल्यासारखं विचारलं. मी गज काढला, कॅमेरा सोडवला, आणि सभेच्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी यंत्र उघडं करून भिंतीवरच्या मोठ्या खिळ्यांना टांगलं. पडू नये म्हणून बिजागरीखाली लाकडाची पाचर ठोकली. काकांनी ओल्या फडक्यानं अक्षरं पुसली. ओलं फडकं ही त्या दिवसांत मोठी गोष्ट होती.

सभा पाचची होती. साहेबांना त्याच दिवशी युसूफ वडगावकडच्या आणखी दोन संस्था बघायच्या होत्या, त्यामुळं ते आले तेव्हा दिवस मावळत होता. साधारण माझ्याच वयाचे होते, थकलेले होते, आणि बोलणं अगदी नेमकं. त्यांनी खोली बघितली, काटा बघितला, उपडे कॅन बघितले. मग फलकासमोर उभे राहिले.

"मधे बिजागरी कशाला?" साहेबांनी विचारलं.

"उघडझाप व्हावी म्हणून," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि सभेला सुरुवात करायला सांगितलं. ओट्यावर सतरंजी अंथरली होती. छावणीत जनावरांपाशी कुणीतरी थांबणं भाग होतं, त्यामुळं आले ते म्हातारे, बाया, आणि पायाला लागल्यामुळं ऊसतोडीला न गेलेला एक गडी. संस्थेचे चेअरमन आपली काठी आणि खाकरणं घेऊन आले होते. गणपूर्ती होत नव्हती. ती कधीच होत नाही. आमच्याकडच्या कुठल्याही सहकारी संस्थेच्या कुठल्याही सभासदाला विचारा, त्याला हा नियम पाठ असतो: गणपूर्ती झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं तीच सभा, तिथंच, तेवढ्याच माणसांत भरवायची. मग गणपूर्तीची गरज नसते. चेअरमननी सवयीनं सभा तहकूब केली. बाया सतरंजीवर पाय लांब करून बसल्या. तेवढ्यात लाइट गेली.

अंधार झाला आणि डोक्यावर तारे आले. पूर्वेला मृग वर चढला होता.

एका बाईनं सहज म्हणून मला विचारलं की मास्तर, आज तुमचं ते लावणार न्हाई का. मी सांगितलं की आज ते भिंतीवर आहे. पाय दुखावलेला गडी म्हणाला, "मग काढा की खाली. अर्धा घंटा नुसतं बसून काय करायचं बे." साहेबांनी सांगितलं की सभा तहकूब आहे, तहकुबीच्या काळात कुठल्याही विषयावर चर्चा करता येत नाही.

"चर्चा कुठं करताव साहेब," चेअरमन म्हणाले. "फळी हाय ती."

साहेबांनी यावर बराच विचार केला असावा. शेवटी म्हणाले की सभा पुन्हा सुरू होईल तेव्हा फलक जागेवर असला पाहिजे, मधल्या वेळात तो कुठं आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. फलक खिळ्यावरनं काढायचा म्हणजे काकांना संस्थाच उतरवल्यासारखं वाटत होतं. पण चेअरमन म्हणाले म्हटल्यावर त्यांनीच खालून आधार दिला.

मी घरातून तिवई, गज आणि कॅमेरा आणला. ओट्याखाली मोकळ्या जागेत यंत्र लावलं, बिजागरी ध्रुवावर धरली, कॅमेरा मृगाकडं केला. एका म्हाताऱ्यानं हरकत घेतली. मृग म्हणजे जूनचं नक्षत्र, पेरणीचं. थंडीत मृग कुठून येणार? मी समजावलं की जूनमध्ये सूर्य मृगात असतो म्हणून तेव्हा मृग दिसत नाही, तो आत्ताच दिसतो. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "पेरायच्या वक्ताला दिसत न्हाई अन् आता रिकामा हिंडतो. माझ्या थोरल्यासारखाच हाय मग." त्या अंधारात सगळ्यात मोठ्यानं हसले ते साहेब.

मी शटर उघडलं आणि माझ्या साध्या, कॅमेरा नसलेल्या मोबाइलच्या उजेडात झाकण फिरवायला सुरुवात केली. एक फेरा झाला नाही तोच चेअरमन शेजारी येऊन बसले. फळी संस्थेची आहे, तेव्हा पहिला फेरा चेअरमनचा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी झाकण त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते इतक्या मानानं फिरवलं, जणू कोनशिलेवरचा पडदा ओढतायत. त्यांचं मिनिट दीड मिनिटाचं झालं. त्यांच्यानंतर पायवाला गडी बसला. मग म्हातारा. मग तर रांगच लागली. एक सभासद, एक मत, हे तत्त्व त्यांना ठाऊकच होतं. त्याच धर्तीवर एक सभासद, एक फेरा असं आपोआप ठरलं. कुणाच्या नावावर किती म्हशी आहेत, याचा त्यात संबंध नव्हता. एकजण दोन फेरे मारायला लागला तर मागून आवाज आला, "ए, आपल्याच बापाची पृथ्वी हाय का?" मी प्रत्येकाला कानात सांगत होतो, हळू, एका मिनिटात एकच, आणि प्रत्येकजण मान हलवून आपापल्या मिनिटानं फिरवत होता. म्हाताऱ्याचं मिनिट श्वासांवर चाललं होतं आणि त्याला दमा होता.

साहेबांनाही बोलावलं. ते म्हणाले, मी सभासद नाही. चेअरमननी त्यांना निमंत्रित म्हणून एक फेरा मंजूर केला. साहेब पँट सावरून खाली बसले आणि घड्याळाकडं बघत बरोबर साठ सेकंदांत झाकण फिरवून उठले. त्या संध्याकाळचं तेवढं एकच मिनिट माझे तारे जागेवर थांबले असतील.

अर्धा तास झाला. साहेब उभे राहिले आणि सभा पुन्हा सुरू करा म्हणाले. मी शटर बंद करायला हात पुढं केला, तर मागून एक आजी उठली. गावात राहिलेल्या मोजक्या दुभत्या म्हशींतली एक तिची होती, आणि तीही आटत आलेली.

"बाप्यांनी फिरवलं," ती म्हणाली. "आमी सभासद न्हाईत का?"

साहेब उभे होते ते पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "आहात."

त्या 'आहात'मुळं सभा थांबली. राहिलेल्या सगळ्या बायांचे फेरे झाले. आजीनं झाकण हातात घेतलं आणि जात्याचा खुंटा धरल्यासारखं गरगर फिरवलं. मी हात धरायच्या आत मृग नक्षत्र कुठल्या कुठं गेलं. ती समाधानानं उठली आणि पदराला हात पुसून म्हणाली की हलकं आहे, काही जड नाही.

मी कॅमेरा सोडवला, फलक पुन्हा उघडून खिळ्यांना टांगला, पाचर ठोकली. सभा सुरू झाली. आणि मग साहेबांनी ज्यासाठी आले होते ते काढलं. दूध नाही, हे त्यांना लिहावंच लागणार होतं. दूध नसलेली दूध संस्था चालू आहे असं त्यांना लिहिता येत नव्हतं. ते रागानं बोलत नव्हते, त्यामुळं जास्त वाईट वाटत होतं.

काका हात जोडून उभे राहिले. "साहेब, दूध न्हाई, हे खरं हाय. पण संस्था उघडी हाय. रोज उघडतो मी."

"उघडी आहे हे मी कागदावर कसं दाखवू?"

साहेबच पुढं म्हणाले की निदान सभेचा एक फोटो हवा. फलक दिसला पाहिजे, फलकाखाली सभासद दिसले पाहिजेत, आज तारखेला संस्था आपल्या जागी होती एवढं दिसलं पाहिजे. त्यांच्या मोबाइलची बॅटरी दिवसभरात संपली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. गावातला एकमेव कॅमेरा माझ्याकडं होता, आणि त्याला फ्लॅश नव्हता.

पायवाल्या गड्याच्या भावाची मोटारसायकल ओट्यासमोर आणून तिचा दिवा लावला. तो दिवा म्हणजे काजव्याचा थोरला भाऊ. मी कॅमेरा एका उपड्या कॅनवर ठेवला आणि सगळ्यांना समजावलं की बराच वेळ हलायचं नाही. किती वेळ, असं चेअरमननी विचारलं. मी सांगितलं की मी बस म्हणेपर्यंत. सगळे फलकाखाली बसले. काका काट्यापाशी बसतात तसे कडेला बसले. मी शटर उघडलं.

माणसांना स्थिर बसवणं ताऱ्यांना स्थिर करण्याहून अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. चेअरमन खाकरले. म्हाताऱ्याला दम लागला. आजीनं शेजारणीला ती हलतेय म्हणून सांगितलं आणि शेजारणीनं वळून, मी कुठं हलतेय, म्हणून उत्तर दिलं. मी शटर बंद केलं आणि कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा साहेबांसमोर धरला.

फलक स्पष्ट होता. अक्षरं, बिजागरी, भोकसुद्धा. त्याखाली सतरंजीवर धुकं बसलं होतं. कुठं एक पांढरा पुंजका, कुठं नुसता पदर. त्या धुक्याच्या कडेला काका मात्र होते. टोपीची घडी दिसत होती, हाताच्या शिरा दिसत होत्या, डोळ्यांत मोटारसायकलचा दिवा दिसत होता.

"बाकीचे कुठं गेले?" साहेबांनी विचारलं.

"हलले," मी म्हणालो.

"आणि हे?"

मी काही म्हणायच्या आत काकाच म्हणाले, "सवय हाय साहेब. रोज काट्यापाशी बसतो. दूध येत न्हाई. हलून काय करू?"

साहेबांनी पडदा पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग सतरंजीवर बसून मोटारसायकलच्या उजेडात त्यांनी लिहायला घेतलं. आता न सांगता कुणी हलत नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं: संस्था नोंदलेल्या जागी आहे, फलक आहे, सचिव हजर आहेत, सभा नियमानुसार तहकूब होऊन नियमानुसार भरली, आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत संस्थेला मुदत देण्याची शिफारस करण्यात येत आहे.

"म्हंजी उद्या उघडायचं?" काकांनी विचारलं.

"उघडा," साहेब म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि लगेच आत जाऊन उगाचच काटा पुसायला लागले. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. कुणी त्यांना हाक मारली नाही.

अर्ध्या तासाच्या त्या फोटोत मृग म्हणावं असं काही नव्हतं. प्रत्येक तारा एका ठिकाणी निघून, अडखळत, मधेच थांबून, शेवटी आजीच्या हातानं कोपऱ्याबाहेर फेकला गेला होता. तो मी कुणाला दाखवत नाही, पण ठेवलाय. साहेबांना हवा होता तो सभेचा फोटो मी केजला छापून घेतला आणि त्यांच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या शिपायानं तो उजेडात धरून बघितला आणि विचारलं की यात एकच माणूस का बरं हाय. मी म्हटलं, तेवढाच बसला.

पुढल्या साली पाऊस बेताचा झाला, पण झाला. छावण्या उठल्या, जनावरं परतली, पहिल्या दिवशी एका कॅनचा तळही नीट झाकला नाही एवढं दूध आलं आणि दुधाची गाडी थांबली. संस्था आजही आहे. पेंटर परत आला, पण पत्र्याचा फलक करायचा नाही असं काकांनी ठरवलं. जुन्या फलकानं संस्था वाचवली, त्याला कसं काढायचं.

त्यामुळं माझं यंत्र कायमचं भिंतीवर गेलं. फोटो काढायचे असले की मी संध्याकाळचं दूध घेऊन झाल्यावर जायचो, पाचर ठोकून सैल करायचो आणि फलक खाली घ्यायचो. काकांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त मी तो घेऊन माळावर निघालो की ते खुर्ची बाहेर काढायचे आणि रिकाम्या खिळ्यांच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून बसायचे. एकदा मी म्हणालो, काका, तुम्ही घरी जा, मी आणून लावतो. ते म्हणाले, "जा तू. कुणी आलं अन् म्हणलं संस्था कुठंय, तर सांगायला माणूस पायजे."

मी माळावर पोचून मागं वळून बघायचो. अंधारात संस्थेची भिंत दिसायची नाही. पण ते तिथं बसलेले असणार हे मला माहीत असायचं, म्हणून मी फोटो भराभर काढायचो आणि लवकर परत यायचो.